हृदयाच्या रोहिण्या कशा दिसू लागल्या?

आपले हृदय मिनिटास सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसास सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. सर्व शरीरास रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला महारोहिणीच्या आरंभी फुटणाऱ्या दोन रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्या जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात. त्यांच्या भिंतींत मेद व चुना साचून वाट अरुंद झाली, की श्रम करताना छातीत कळ येते. आणि ती एकाएकी बंद झाली, तर तेथील स्नायू मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. अर्थात, अडथळा कोठे आहे हे वेळीच दिसणे, हा जीवनमरणाचा प्रश्न होय.

इ. स. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्या किरणांनी हाडे स्पष्ट दिसतात. परंतु रक्त आणि स्नायू यांची छाया जवळजवळ सारखीच पडत असल्यामुळे रोहिण्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यांत आयोडीनयुक्त द्रव सोडला, तर मात्र त्यांची छाया उमटते. पण धडधडणाऱ्या हृदयापर्यंत तो न्यावा कसा?

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने आपल्याच हाताच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन छायाचित्र घेतले. या धाडसाचे मोल जगास उशिरा कळले. १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तरीही हृदयाच्या रोहिणीत थेट द्रव सोडल्यास रोगी दगावेल, अशी भीती होतीच. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स एका रोग्याची तपासणी करीत असता, नळीचे टोक नकळत उजव्या रोहिणीत शिरले व द्रव तेथेच गेला. हृदय क्षणभर थांबले. डॉक्टरांनी रोग्यास खोकण्यास सांगितले आणि ठोके पुन्हा सुरू झाले! अल्प प्रमाणात द्रव सोडणे शक्य आहे, हे सोन्स यांनी त्यावरून ताडले आणि या अपघातातून अँजिओग्राफीची रीत सिद्ध केली. १९७७ मध्ये झुरिच येथे ग्रुंटझिग यांनी याच मार्गाने इवलासा फुगा नेऊन अरुंद वाट रुंद केली.

१९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रोग्याच्या मेंदूचे पहिले सी. टी. चित्र घेतले. मेंदू स्थिर असतो, हृदय मात्र सतत हलते. म्हणून त्यासाठी पुष्कळ वेगवान यंत्रे यावी लागली. आता हाताच्या शिरेतून द्रव देतात, रोग्यास श्वास रोखावयास सांगतात आणि ठोक्यांशी मेळ घालून चहूबाजूंनी किरण सोडतात. त्या असंख्य छायांतून संगणक रोहिण्यांचे चित्र रचतो. या तपासणीसाठी हृदयापर्यंत नळी न्यावी लागत नाही.

तथापि, चित्र म्हणजे निदान नव्हे. अरुंद दिसणाऱ्या वाटेतूनही पुरेसे रक्त जात असेल; उलट, थोडासाच साचलेला थर अकस्मात फुटून त्यावर रक्ताची गाठ धरेल. यास्तव रोग्याची लक्षणे आणि इतर तपासण्या यांच्याशी ताडूनच वैद्य निर्णय घेतात. यंत्र केवळ छाया दाखवते. तिचा अर्थ लावणे हे माणसाचेच काम आहे. म्हणून छातीत कळ आल्यास घरातील वडीलधाऱ्यांना ती अंगावर काढू देऊ नका. तात्काळ वैद्यांकडे न्या.