वाघाचे भक्ष्य आणि धनगराची गाय

सत्तरीतील गोळावलीच्या रानात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिची तीन पिल्ले विषाने मेली. वाघाने मारलेल्या गुराच्या कलेवरावर ते विष टाकले होते. एका पशुपालक कुटुंबातील माणसांना अटक झाली आणि आम्ही सर्वांनी चार दिवस हळहळ व्यक्त केली. गोव्यात वाघ नाही, शेजारच्या रानातून तो पाहुणा म्हणून येतो, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्यांना त्या वाघिणीने उत्तर दिले. दुर्दैव एवढेच, की ते मरून दिले.

वाघाने रान सोडून गाय का धरावी? गवा हा आमचा राज्यपशू, पण उन्हाळ्यात रान सुकले की तो कुळागरात आणि काजूच्या बागेत उतरतो. तेथे पाणी आहे, हिरवा पाला आहे, आणि माणसांचा वावर असल्याने वाघ बिचकतो, हे त्याच्या ध्यानी आले असावे. रानडुकराचेही तेच. रानात उरलेल्या मेरवांच्या वाट्याचा चारा गावची गुरे खातात. डुकरासाठी लावलेला फास भेकरालाही सोडत नाही. अशा रानात मोकळी चरणारी गाय वाघाला दिसते. तिच्या अंगचे भय माणसाने शेकडो पिढ्यांत काढून टाकले आहे. गव्याच्या शिंगांशी झुंजण्यापेक्षा तिची मान धरणे सोपे. सावज गावात आणि गुरे रानात, ही अदलाबदल वाघाने केलेली नाही.

सत्तरीत वाघ्रोला देव मानून पुजतात. त्याच्यापुढे नारळ ठेवणाऱ्या धनगराला वाघाचा द्वेष आहे, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. दुभती म्हैस गेली की त्याच्या घरची चूल विझते, हे मात्र आम्हां शहरवासीयांच्या हिशेबात येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी म्हादई व लगतचे रान तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. आमचा कौल राखीव क्षेत्राच्याच बाजूने आहे. परंतु कलेवर ताजे आहे तोवर, त्यावर विष पडण्यापूर्वी, वनखात्याचा माणूस भरपाईची रक्कम घेऊन धनगराच्या दारी पोहोचला पाहिजे.