फिल्मच्या आतली डार्करूम

झटपट छायाचित्रणाचा इतिहास बहुधा त्याच्या देखण्या कॅमेऱ्यांच्या क्रमाने सांगितला जातो, परंतु या शोधाचे मर्म कॅमेऱ्यापेक्षा त्यात घातल्या जाणाऱ्या फिल्ममध्ये आहे. फिल्मवरील नेहमीच्या छायाचित्रणात शटर मिटले की कॅमेऱ्याचे काम संपते. पुढे ती फिल्म डार्करूममध्ये, म्हणजे प्रकाश वर्ज्य असलेल्या खोलीत, डेव्हलपरच्या द्रावणात बुडवली जाते, प्रकाश न पडलेले चांदीचे क्षार हायपो नावाच्या रसायनाने काढून टाकले जातात आणि अशा रीतीने तयार झालेल्या निगेटिव्हवरून कागदावर पुन्हा प्रत काढावी लागते. ही सारी साखळी तळहाताएवढ्या कागदाच्या पदरांत, रसायनाच्या काही थेंबांवर चालवून दाखवणे, हे एडविन लँड यांचे कर्तृत्व होय.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९०९ मध्ये जन्मलेले लँड हार्वर्डमधील शिक्षण अर्धवट सोडून प्रकाशाच्या ध्रुवीकरणाकडे, म्हणजे सर्व दिशांनी कंप पावणाऱ्या प्रकाशातून एकाच प्रतलातील कंपने निवडून घेण्याच्या तंत्राकडे वळले आणि १९३७ मध्ये त्यांनी पोलरॉइड कंपनी स्थापन केली. १९४३ मध्ये सांता फे येथे सुटीवर असताना, आत्ता काढलेला फोटो लगेच का पाहता येत नाही, असे त्यांच्या लहान मुलीने विचारले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे ते सांगत. हा प्रसंग फार प्रसिद्ध झाला. पण त्या प्रश्नाला उत्तर सापडले ते सूक्ष्म स्फटिक आणि पातळ थर हाताळण्याचा कित्येक वर्षांचा सराव गाठीशी होता म्हणून, हे ध्यानात ठेवायला हवे. चांदीचे क्षार विसरणाने, म्हणजे द्रवातून आपोआप पसरू देऊन, एका कागदावरून दुसऱ्यावर नेण्याची पद्धत बेल्जियममधील आंद्रे रॉट आणि जर्मनीतील एडिथ वाइडे यांनीही स्वतंत्रपणे शोधली होती, मात्र तिचा उपयोग कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी झाला.

लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकापुढे आपल्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात ‘मॉडेल ९५’ हा कॅमेरा ८९.७५ डॉलरला विक्रीस आला. त्यात निगेटिव्ह आणि चित्र उमटवून घेणारा ग्राहक कागद अशा दोन गुंडाळ्या असत. फोटो काढून कागद ओढला की दोन्ही थर एकमेकांवर दाबले जाऊन दोन रुळांमधून जात, वाटेत दाट रसायनाची चिमुकली पिशवी फुटे आणि ते रसायन दोहोंच्या मध्ये समप्रमाणात पसरे. ज्या क्षारांवर प्रकाश पडला होता ते निगेटिव्हमध्येच काळी चांदी होऊन अडकून राहत, तर प्रकाश न पडलेले क्षार विरघळून पलीकडच्या ग्राहक कागदावर उतरत आणि तेथे त्यांची चांदी होऊन सुलट चित्र उमटे. मिनिटभराने कागद सोलून घेतला की तपकिरी छटेचा फोटो हाती येई.

तपकिरीऐवजी खरा कृष्णधवल फोटो देणारी फिल्म १९५० मध्ये आली, परंतु तिच्यावरील चित्र विटू लागल्याने प्रत्येक फोटोवर संरक्षक द्रव्याचा हात फिरवण्याचे काम ग्राहकावर आले. या काळातील कृष्णधवल संशोधनाची धुरा मेरो मोर्स यांनी वाहिली. त्यांचे शिक्षण कलेतिहासाचे होते, आणि छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स कंपनीचे सल्लागार होते. प्रयोगशाळेत कलावंताच्या डोळ्याला मान होता म्हणूनच या फिल्मच्या करड्या छटा इतक्या समृद्ध झाल्या, असे म्हणता येते. रंगीत फिल्मचा प्रश्न हॉवर्ड रॉजर्स यांनी सोडवला. रंगद्रव्य आणि डेव्हलपर एकाच रेणूत जोडण्याच्या त्यांच्या युक्तीवर उभी असलेली ‘पोलाकलर’ फिल्म १९६३ मध्ये बाजारात आली.

१९७२ मध्ये आलेला ‘एसएक्स-७०’ हा या परंपरेतील सर्वांत धाडसी टप्पा मानावा लागतो. घडी घातल्यावर कोटाच्या खिशात मावणारा हा कॅमेरा मोटारीच्या साहाय्याने फोटो आपोआप बाहेर टाकत असे, आणि त्यासाठी लागणारी चपटी बॅटरी १० फोटोंच्या प्रत्येक पाकिटातच बसवलेली होती. सोलणे, पुसणे, कचरा टाकणे यांतले काहीच उरले नाही. मात्र फिल्म अर्धवट तयार असतानाच उजेडात येत असल्याने तिला प्रकाशापासून वाचवायचे कसे, हा पेच होता. त्यासाठी रसायनात प्रकाश रोखणारे असे रंगद्रव्य मिसळले गेले, जे तीव्र अल्कधर्मी अवस्थेत गडद असते आणि फिल्ममधील आम्लाच्या थरामुळे अल्कता उतरत गेली की रंगहीन होते. त्याच रसायनातील टायटॅनियम डायऑक्साइड चित्रामागची पांढरी पार्श्वभूमी होऊन राहते. धूसर हिरवट पृष्ठभागातून चित्र हळूहळू वर येताना दिसते, ते या रंगद्रव्याच्या माघारीमुळे. फोटोची खालची पांढरी कड इतर कडांपेक्षा रुंद असते, तेही सजावटीसाठी नव्हे, तर रसायनाची पिशवी तेथे दडलेली असते म्हणून. फोटो हलवल्याने तो लवकर उमटतो हा समज मात्र निराधार आहे.

ओळखपत्रासाठी तत्काळ फोटो देणाऱ्या या तंत्राचा वापर दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीच्या पासपद्धतीसाठीही झाला. कृष्णवर्णीयांच्या हालचालींवर पहारा ठेवणाऱ्या त्या पासांशी आपल्या कंपनीचा संबंध आहे, हे लक्षात येताच कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या तिच्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी १९७० मध्ये निषेधाची चळवळ उभारली. दोघांनाही नोकरी गमवावी लागली, पण १९७७ मध्ये पोलरॉइडला त्या देशातून बाहेर पडावे लागले. झटपट छायाचित्रणाच्या गौरवगाथेत हे प्रकरण अनेकदा वगळले जाते. ते वगळू नये.

पोलरॉइडसाठी पूर्वी निगेटिव्ह बनवून देणाऱ्या कोडॅकने १९७६ मध्ये स्वतःचे झटपट कॅमेरे आणले, तेव्हा पोलरॉइडने पेटंटभंगाचा दावा लावला. निकाल कोडॅकविरुद्ध गेल्याने १९८६ मध्ये तिला हा व्यवसाय सोडावा लागला आणि अखेरीस सुमारे ९२.५ कोटी डॉलर मोजावे लागले. दरम्यान झटपट चलच्चित्राचा ‘पोलाव्हिजन’ प्रयोग फसला, लँड १९८२ मध्ये कंपनीपासून दूर झाले, आणि डिजिटल कॅमेऱ्यांच्या लाटेत पोलरॉइडने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

फिल्मचे उत्पादन थांबवण्याची घोषणा २००८ मध्ये झाली, तेव्हा जगभरातील कॅमेरे सुस्थितीत असूनही मुके होणार होते. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या गटाने वाचवली, परंतु जुनी अनेक रसायने आता कोणी बनवतच नसल्यामुळे फिल्मची घडण जवळजवळ नव्याने करावी लागली. २०१० मध्ये विक्रीस आलेली त्यांची पहिली फिल्म बाहेर येताक्षणी झाकावी लागे, कारण प्रकाश रोखणारा तो थर लगेच साधला नव्हता. पुढे फिल्म सुधारत गेली आणि २०१७ पासून ती पोलरॉइडच्याच नावाने विकली जाऊ लागली. १९९८ पासून ‘इन्स्टॅक्स’ विकणाऱ्या जपानी फुजीने हे क्षेत्र कधी सोडलेच नाही. पण सोलून काढायची एफपी-१००सी फिल्म तिने २०१६ मध्ये बंद केली, आणि १९६३ पासून तशा फिल्मसाठी बनलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांना त्यानंतर घालण्यासारखी फिल्म सहजासहजी मिळेनाशी झाली.