नवा फोन आणि हप्त्याचा हिशेब

आमच्या कुरुंदवाडात फोन बदलायची वेळ दोन कारणांनी येते. एक कारण सगळीकडचेच: फोन हातातून पडतो, जुना होतो, बॅटरी फुगते. दुसरे कारण आम्हा नदीकाठच्या लोकांचे. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आमच्या शेजारी, नरसोबाच्या वाडीला. २००५ ला पाणी आले, २०१९ ला आले, २०२१ ला पुन्हा आले. रात्री सामान माळ्यावर चढवताना, म्हाताऱ्या माणसांना हात धरून बाहेर काढताना खिशातला फोन पाण्यात गेलेला कळतही नाही.

फोन ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने पावसाळ्यात एकदा आमच्याकडे येऊन राहावे. जुलै लागला की घराघरात एकच चौकशी असते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फुटांवर, सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णा किती, कोयनेतून किती सोडले. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोक्याची पातळी, आयर्विनला ४५. हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. शिवाय बँकेचा ओटीपी, गॅसचे बुकिंग, मुलांच्या शाळेचे निरोप, आखातात कामाला गेलेल्या मुलाचा रात्रीचा व्हिडिओ कॉल, हे सगळे त्याच एका यंत्रात. फोन बंद पडला की घर घाईला येते. आणि घाईला आलेल्या माणसाची वाट दुकानात कोपऱ्यातल्या फायनान्सच्या टेबलापाशी बघितली जाते.

जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, कुठेही जा, बोलणे सारखेच. आपण दहा हजारांचा फोन बघायला गेलेलो असतो. समोरचा पंधरा हजारांचा काढून हातात देतो. "भाभी, नो कॉस्ट आहे बघा. व्याज एक रुपया नाही. महिन्याला फक्त अडीच हजार, सहा हप्ते. आधार आणि पॅन द्या, दहा मिनिटांत काम." सुदापासून दूर राहणाऱ्या आमच्या घरांना 'व्याज नाही' हे दोन शब्द ऐकले की हायसे वाटते. इथेच थोडे थांबून हिशेब मांडायला हवा.

समजा, फोनची किंमत १५,००० रुपये. अडीच हजारांचे सहा हप्ते, बेरीज बरोबर पंधरा हजार. वरवर पाहता व्याज कुठेच नाही. आता त्याच दुकानदाराला विचारा, "रोख दिले तर किती?" समजा तो म्हणाला, १४,३०० ला देतो. म्हणजे हप्त्यावर घेणाऱ्याला सातशे रुपयांची सूट मिळत नाही. त्यात प्रोसेसिंग फी म्हणून समजा चारशे रुपये आधी घेतले. झाले अकराशे. या चारशे रुपयांमुळे प्रत्यक्षात आपल्याला उधार मिळाले १३,९०० आणि फेडायचे १५,०००, तेही एका वर्षात नव्हे, सहा महिन्यांत, दर महिन्याला थोडे थोडे. याचा वार्षिक दर काढला तर शेकडा सव्वीसच्या आसपास जातो. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, प्रत्येक दुकानात ते वेगळे असतील. पण रीत हीच. एखादा हप्ता चुकला तर बँक आपला दंड लावते, फायनान्स कंपनी आपला, ते वेगळेच.

हा संशय काही आमच्या एकट्याचा नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेले असते. पुढे आणखी एक उपयोगी नियम आला. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांसाठी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायचा असतो. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा. मोबाइलवर पाठवला म्हणाले तर तिथेच उघडून वाचा. टेबलावरचा पोरगा कंटाळला तर कंटाळू द्या.

आता दीनच्या बाजूने. हप्त्याने घेणेच हराम, असा एक समज आमच्याकडे आहे. तो बरोबर नाही. दुकानदार स्वतःच्या मालकीची वस्तू रोखीने एका किमतीला आणि उधारीने थोड्या जास्त किमतीला विकत असेल, आणि सौदा उठण्याआधी एकच किंमत पक्की झाली असेल, तर बहुतेक फुकहांनी तो व्यवहार जायज मानला आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० च्या आपल्या सहाव्या बैठकीत हेच सांगितले. आणि त्याबरोबर हेही, की हप्ता उशिरा आला म्हणून वर रक्कम वाढवता येणार नाही, ती वाढ सूदच. म्हणजे गल्लीतला ओळखीचा दुकानदार वहीत लिहून चार महिन्यांच्या बोलीवर फोन देतो, ती विक्री. फायनान्स कंपनी आपल्या नावावर पैसे उचलून दुकानदाराला देते आणि आपल्याकडून वसूल करते, ते कर्ज. दोन्हीला आपण 'हप्ता' हाच शब्द वापरतो, म्हणून घोटाळा होतो. नो कॉस्ट योजनेच्या कागदावर व्याजाची रक्कम दाखवून ती सूट म्हणून वजा केलेली असते. अशा कराराबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी तो कागदच आपल्या मुफ्तीसाहेबांना दाखवावा. तोंडी वर्णनावर फतवा विचारू नये. कागदात काय आहे ते आपल्यालाच नीट माहीत नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या दुआमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून पनाह मागत असत. फोनसारख्या वस्तूसाठी कर्ज काढताना हे आठवावे. पण निव्वळ 'घेऊ नका' म्हणून घर चालत नाही. फोन बंद पडला आहे, उद्या नळाला पाणी किती वाजता येणार हेही त्याच्यावरच कळते. मग करायचे काय?

आमच्याकडे बायकांची भिशी असते. दहा जणी, महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला एकीला दहा हजार. जितके भरले तितकेच प्रत्येकीला मिळते, कुणाला कमी नाही, जास्त नाही. हिच्यात काही वावगे नाही. अडलेल्या बहिणीला पाळी आधी द्यायची, एवढे ठरवून घेतले की अशा वेळेला हीच उपयोगी पडते. मात्र लिलावाची भिशी वेगळी. तिच्यात ज्याला घाई आहे तो दहाचे नऊ घेऊन उठतो आणि भरतो मात्र पुरे दहा. नाव भिशी असले तरी अडलेल्याच्या घाईची ती किंमत आहे, आणि तिला दुसरे काय म्हणायचे ते वाचकांना सांगायला नको.

दुसरा मार्ग करजे-हसना. भाऊ, मामा, शेजारी यांच्याकडून बिनव्याजी उसने. आपल्याकडे इथे संकोच होतो आणि त्या संकोचात कुणी लिहून ठेवत नाही. "आपल्याआपल्यात काय लिहायचे!" कुरआनमधील सर्वांत लांब आयत नमाजबद्दल नाही की रोजाबद्दल नाही, ती उसनवारी लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकराची २८२ वी. तारीख, रक्कम, परतीची मुदत, दोन सह्या. वहीच्या एका पानात काम होते आणि पुढच्या ईदला भावाभावांत तोंड फिरवायची पाळी येत नाही.

पैशाचे ठरले की फोन निवडणे सोपे होते, कारण तेव्हा आपण आपल्या रकमेत बसणाराच बघतो. तरी काही गोष्टी दुकानात सांगत नाहीत.

कॅमेऱ्याचे आकडे सोडा. विचारायचे ते हे, की या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे तो अपडेट बंद झाल्यावर कुलूप ढिले झालेल्या कपाटासारखा होतो. स्वस्त फोनांत ही मुदत कमी असते, काही कंपन्या आता सहा-सात वर्षेही देतात. दुकानात दोन वर्षे पडून असलेले जुने मॉडेल दोन हजारांनी स्वस्त मिळते खरे, पण त्याची मुदत आधीच सुरू झालेली असते.

किबला दाखवणारे अ‍ॅप बरेच जण टाकतात आणि ते चालत नाही म्हणून अ‍ॅपला नावे ठेवतात. अ‍ॅप बरोबर असते. कमी किमतीच्या कित्येक फोनांत होकायंत्राचा सेन्सरच नसतो. घ्यायच्या आधी दुकानातच होकायंत्र उघडून फोन गोल फिरवून बघा, काटा फिरला पाहिजे. (नसला तरी काही अडत नाही. कुरुंदवाडहून किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, साधारण चौदा अंशांवर आहे. आणि घराजवळची मशीद तर आहेच.)

'वॉटरप्रूफ' शब्दावर आम्ही पूरवाल्यांनी तरी भाळू नये. आयपी ६७, आयपी ६८ ही चाचणी स्वच्छ पाण्यात, ठरावीक खोलीला, ठरावीक वेळ होते. पुराच्या गढूळ पाण्याची नव्हे. आणि असा शिक्का असला तरी पाण्याने झालेले नुकसान कंपन्यांच्या वॉरंटीत साधारणपणे बसत नाही. फोन भिजलाच तर आधी बंद करा, चार्जरला लावू नका, सिम काढून हवेशीर जागी वाळू द्या. तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा उपाय करू नये, पिठी आणि कणी आत जाते.

घरात मोठी माणसे असतील तर त्यांचा फोन त्यांच्या हातात देऊनच निवडा. दादीला अठरा हजारांचा पडदा नको असतो. आवाज मोठा हवा, अक्षर मोठे हवे. तिच्यासाठी बटणांचा फोन पुष्कळदा जास्त चांगला. एक चार्ज काही दिवस पुरतो, आणि पुरात वीज गेली की याची खरी किंमत कळते. फक्त सिम जिओचे असेल तर बटणांचा फोनही फोरजीचाच लागतो, कारण जिओचे टूजी नाही. इंटरनेट नसलेल्या फोनवरूनही २०२२ पासून यूपीआय १२३पे या सोयीने पैसे पाठवता येतात. आणि स्मार्टफोन घेतला तर सेटिंगमध्ये जाऊन आपत्तीचे इशारे सुरू आहेत ना, ते बघा. २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते, तीच ही सोय. तेव्हा घाबरून पुष्कळांनी ती बंद करून टाकली.

वापरलेला फोन घेण्यात कमीपणा काहीच नाही, उलट कमी पैशांत चांगला मिळतो. अडचण एकच, तो कुणाचा? चोरीचा माल स्वस्तात घेणे हा नफा नव्हे, हे घरातल्या पोरांनाही कळले पाहिजे. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. फोनची माहिती परत येते, ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर तेही कळते. हीच तपासणी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही होते, ते मे २०२३ मध्ये सुरू झाले. आपला फोन हरवला तर तो बंद पाडण्याची तक्रारही तिथेच करता येते, त्यासाठी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते. बिलाशिवाय फोन घेऊ नका. विकणारा ओळखीचा असला तरी कागदावर त्याचे नाव, नंबर, तारीख, सही घ्या. सिमच्या खाचेत टॉर्च मारून बघा. कित्येक फोनांत तिथे पांढरी टिकली असते, लाल झाली असेल तर तो फोन पाण्यात जाऊन आलेला आहे. महापुरानंतरच्या सहा महिन्यांत आमच्या भागात ही टिकली बघितल्याशिवाय फोन घेऊच नये.

जुना फोन चालू स्थितीत असेल तर लगेच कुणाला देऊन टाकू नका. आठवडाभर दोन्ही जवळ ठेवा. आधी फोटो आणि नंबर नव्यात आले का ते बघा, मग बँकेचे आणि यूपीआयचे अ‍ॅप नव्यात सुरू करून एक रुपया पाठवून बघा. ओटीपी नव्यात येतो याची खात्री झाली की जुन्यातून गूगलचे खाते काढा आणि मगच फॅक्टरी रिसेट मारा. खाते न काढता रिसेट केले तर पुढच्या माणसाला तो फोन उघडतच नाही, आणि मग रात्री अकरा वाजता "आपा, पासवर्ड काय होता?" म्हणून दारावर टकटक होते.