कोंबड्याच्या पिसाची माशी

आम्ही रत्नागिरीकडची माणसं. मासे धरायचे म्हणजे जाळं टाकायचं, नाहीतर गळाला कोळंबी लावायची, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून पहलगामला लिद्दर नदीच्या काठी एक वयस्क गृहस्थ कोंबड्याचं पीस आणि दोरा घेऊन चक्क माशी बांधताना दिसले, तेव्हा आम्ही सगळे तिथंच थांबलो. चाचांनीही आनंदानं बसवून घेतलं.

ही माशी ट्राउटसाठी. हा मासा काश्मीरचा मूळचा नाही. संस्थानाच्या काळात त्याची अंडी ब्रिटनहून मागवली होती. पहिली खेप वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र जगली. ट्राउट थंड, वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून गळाला किड्याचीच नक्कल लावायची. युक्ती जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं बांधतात, असं ईलियन या रोमन लेखकानं सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

चाचांनी नखाएवढा गळ टेबलावरच्या छोट्या व्हाइसमध्ये घट्ट धरला. त्यावर बारीक दोरा गुंडाळत मागं नेला. पिसाचे तीन-चार तंतू बांधून शेपटी केली. मग चिमूटभर लोकर दोऱ्याला पिळून तिचं अंग बनवलं. पुढं कोंबड्याच्या मानेचं पीस बांधून त्याचे दोन-तीन वेढे दिले, तसे तंतू चहूबाजूंनी पायांसारखे उभे राहिले. शेवटी गाठ, आणि गाठीवर वॉर्निशचा थेंब.

पीस कोंबड्याचंच का? ते ताठ असतं, पाणी कमी धरतं, त्यामुळे माशी पाण्यावर तरंगते. कोंबडीचं पीस मऊ. ते बुडणाऱ्या माशीला चांगलं.

आम्हीही एक माशी बांधली. हौसेनं लोकर भरपूर घेतली, तर ती माशी कमी आणि कापसाचा बोळा जास्त दिसू लागली. वर दोरा ओवायच्या भोकापाशी गाठीला जागाच उरली नाही. चाचा हसून म्हणाले, "नवखा माणूस नेहमी जास्तच लावतो. नदीतला किडा बघा, किती बारीक असतो!"

एवढा वेळ गप्प बसलेल्या दादींनी तेव्हा मनातलं विचारलं, "खाण्यासाठी मासा धरणं समजतं. पण खेळ म्हणून मुक्या जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा, हे बरं का?"

चाचांनी वाद घातला नाही. पक्कड घेऊन त्यांनी गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. लहान मासा लागला तर गळ सहज निघतो, हात ओले करून त्याला पाण्यातच सोडता येतं, असं सांगितलं. तरी त्याला दुखत नसेल असं आपण म्हणणार नाही, हेही कबूल केलं. "म्हणून घरी लागतील तेवढेच धरायचे आणि उठायचं," ते म्हणाले.

इथं मासे धरायला परवाना लागतो आणि किती न्यायचे याला मर्यादा असते. त्या संध्याकाळी चाचांना दोन मासे मिळाले. परवान्यावर आणखी घेता आले असते, उजेडही होता. पण घरी खाणारी माणसं दोनच होती. चाचांनी दोर गुंडाळला.

दादी म्हणाल्या, "हं, आता पटलं."