समुद्री माशांची टाकी घरात ठेवताय? लाईट गेल्यावर ‘संप’ घर भिजवणार नाही ना, ते आधी बघा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे घरात किंवा होमस्टेच्या पडवीत समुद्री माशांची काचेची टाकी ठेवायचा विचार अनेकांच्या डोक्यात असतो. गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा हे काम वेगळं. इथे मुख्य टाकीच्या खाली, स्टँडमध्ये दुसरी टाकी लागते. तिला म्हणतात संप. (एसटीचा नव्हे!)

काम साधं आहे. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपमधून आपोआप खाली संपमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. संपमध्ये सेप्टिक टँकसारखेच काचेच्या आडव्यांनी कप्पे करतात. पहिल्यात पाणी पडतं आणि तिथेच स्किमर बसतो. तो बारीक बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसासकट बाहेर काढतो. मधल्या कप्प्यातून बुडबुडे निवळून पाणी पुढे जातं आणि शेवटच्या कप्प्यात पंप असतो.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. पंप थांबला की वर जाणारा पाईप उलटा चालतो. ड्रममधून नळीने पाणी ओढून काढतो ना, अगदी तसं. पाईपचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली जितकं खोल, तितकं पाणी खाली येणार.

हिशोब करून बघा. वरची टाकी १२० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद असेल, तर दर एक सेंमी पाणी म्हणजे ५.४ लिटर. पाईपचं तोंड १० सेंमी खोल ठेवलं तर ५४ लिटर पाणी खाली येतं. खालचा संप ९० बाय ४० बाय ४० सेंमीचा, म्हणजे काठोकाठ १४४ लिटरचा. त्यात १०० लिटर आधीच भरलेलं असेल तर जागा उरते ४४ लिटरची. बाकीचे १० लिटर खारं पाणी जमिनीवर, आणि तिथेच बहुतेक वेळा एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असतो.

म्हणून पाईपचं तोंड पाण्याखाली दोन सेंमीपेक्षा खोल नको. मग परत येणारं पाणी ११ लिटरच्या आसपास राहतं, वर पाईपमधलं थोडंफार. काहीजण पाण्याच्या पातळीलगत पाईपला बारीक भोक पाडतात, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. भोक जरूर पाडा, पण ते शेवाळाने बुजतं. एनआरव्हीचंही तसंच. मीठ, कचरा अडकला की तो नीट बंद होत नाही. शेतातल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळतो तेव्हा काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. दोन्ही असू द्या, पण भरवसा संपमधल्या मोकळ्या जागेवरच ठेवा.

उलटी बाजूही आहे. ओव्हरफ्लोच्या पाईपमध्ये काही अडकलं तर पंप खालचं पाणी वर चढवतच राहतो. पंपाच्या कप्प्यात २४ लिटर पाणी असेल तर वरच्या टाकीला काठाखाली निदान साडेचार सेंमी जागा हवी. पाच-सहा ठेवलेली बरी.

मासे आणण्याआधी नुसतं साधं पाणी भरून चाचणी घ्या. पंप चालू असताना शेवटच्या कप्प्यातली पातळी बघा आणि मग बटण बंद करा. पाणी थांबेपर्यंत थांबा. संप ओसंडला तर पाणी कमी करून पुन्हा करा. जमलं की चालू असतानाच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही.

पाण्याची वाफ होते तसतशी शेवटच्या कप्प्यातली पातळी उतरते. तिथे गोडं पाणीच घाला, आरओचं असेल तर उत्तम. मीठ उडून जात नाही, त्यामुळे परत खारं पाणी ओतलं तर खारटपणा वाढत जातो. हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास काटा हवा. कप्पा कोरडा पडला तर पंप जळतो.

पंप घेताना डब्यावरचा आकडा पाहून फसू नका, तो शून्य हेडचा असतो. २४० लिटरच्या टाकीला दीड मीटर उंचीवर तासाला हजार लिटरच्या आसपास पाणी मिळालं तरी पुरे. पंप खाऱ्या पाण्यासाठीचाच हवा. तांबं, पितळ, लोखंड पाण्याला लागू देऊ नका. तांब्याने कोळंबी आणि शंख-शिंपले मरतात. बोर्ड टाकीपेक्षा उंच लावा, वायर आधी खाली लोंबवून मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जात नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. हा खर्च टाळू नका.

लाईट बराच वेळ गेली तर माशांना हवा कमी पडते. बॅटरीवरचा छोटा एअर पंप आधीच आणून ठेवा.

आणि एक. समुद्र जवळ आहे म्हणून संपमध्ये घालायला प्रवाळाचे दगड उचलून आणू नका. प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं. दुकानात मिळणारे सिरॅमिकचे तुकडे तेच काम करतात, फक्त त्यावर जिवाणू बसायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी माशांशिवाय चालू ठेवा.