जुन्या मालमोटारीचा सांगाडा

शेव्हरोले कंपनीची ‘३१००’ ही लहान मालमोटार अमेरिकेंत १९४७ सालीं निघाली. तिची पुनर्बांधणी करूं पाहणारे कित्येक हौशी लोक आधीं रंग निवडतात! आमच्या मतें प्रथम पाहावयाचा तो सांगाडा. यंत्राचा व माणसांचा सारा भार त्यावरच असतो.

मूळ सांगाडा गंजलेला नसल्यास त्याचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे न भरल्यास तो तिरका झाला असें समजावें. कांहीं जण १९८२ नंतरच्या ‘एस-१०’ गाडीचा सांगाडा घेतात, कारण तिच्या पुढील चाकांस डिस्क ब्रेक असतात. परंतु मूळ गाडीच्या दोन आंसांतील अंतर ११६ इंच. ‘एस-१०’च्या आखूड प्रकारांत तें सुमारें १०८. मग कापणें व सांधणें आलें, आणि सांधा कच्चा राहिला तर भर वेगांत प्राणांशींच गांठ! सुमारें ११८ इंचांचा लांब प्रकार मिळाल्यास आम्ही तोच पसंत करूं.