अभंग आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

संतांनी अभंग शब्दांत बांधला, सुरांत बांधला नाही. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे ध्वनिमुद्रिकेने अभंगाला काय दिले आणि त्याचे काय नेले, हे उमगते.

मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात. मोजणी अक्षरांची, लघुगुरूचा जाच नाही. त्यामुळे एखादे अक्षर लांबवावे, एखादे आखडावे, ही मोकळीक गाणाऱ्याला राहते आणि एकच अभंग अनेक चालींत म्हणता येतो. वारकरी भजनात तर तो एकट्याचा नसतोच. एकाने चरण उचलावा, टाळकऱ्यांनी ध्रुपद झेलावे, मृदंगाने लय चढवावी. अभंग किती वेळ चालेल, हे घड्याळ नव्हे, रंग ठरवितो.

1902 साली कलकत्त्यास फ्रेड गाइसबर्ग याने ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले आणि या देशात तबकडीचे युग सुरू झाले. तिच्या एका बाजूवर तीनसाडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. साहजिकच पुनरावृत्ती गेली, टाळकरी मागे सरले आणि एक गळा पुढे आला. मात्र तोच गळा घरोघर पोहोचला, हा लाभही थोडा नव्हे. 1936 च्या ‘संत तुकाराम’ बोलपटाने विष्णुपंत पागनिसांचा आवाज असाच सर्वतोमुखी केला.

पुढे ध्वनिक्षेपक आला, आकाशवाणी आली, दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली. राम फाटकांच्या चालीवर भीमसेन जोशींनी नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ गायिला. त्यात ख्यालगायकाचा दमसास आहे आणि भजनाची ओढही आहे. श्रीनिवास खळ्यांनी लता मंगेशकरांकडून तुकोबांचे अभंग गाऊन घेतले, तेव्हा तोच संतशब्द हळुवार झाला. किशोरी आमोणकरांनी ‘अवघा रंग एक झाला’ भैरवीत आळविला. तो चोखोबांची पत्नी सोयराबाई हिचा अभंग. जिला जातीमुळे देवळाबाहेर राहावे लागले, तिचे शब्द शतकांनंतर माजघरांत शिरले! प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते ध्वनिफितींवरून जत्रांत आणि चहाच्या टपऱ्यांवर वाजली. मुलगे आनंद व मिलिंद आणि नातू आदर्श यांनी गाण्याचा तो वारसा पुढे चालविला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘गॉस्पेल’ या ख्रिस्तभक्तिगीतांचेही असेच झाले. महालिया जॅक्सनने 1947 साली मुद्रित केलेले एक गीत इतके विस्तारले, की ते तबकडीच्या दोन बाजूंवर विभागावे लागले. थॉमस डॉर्सीचे 1932 मधील एक गीत तिने 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गायिले. 1972 साली तिच्या स्वतःच्या अंत्यविधीत तेच गीत ॲरेथा फ्रँकलिनने गायिले. गीत तेच, गळा निराळा, काळही निराळा. तबकड्या तेथेही होत्या. परंतु गीत टिकले ते पुढच्या पिढीने ते आपल्या गळ्यावर घेतले म्हणून.

आपल्यापुढील प्रश्न नेमका हाच आहे. खालापूर तालुक्यातील लोधिवलीसारख्या गावी सप्ताहाच्या भजनात एखादा मुलगा अभंग म्हणू लागला, की त्याच्या तोंडी बहुधा प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेचीच चाल असते. ती उत्तम असेल. पण गावच्या वृद्ध भजनीबुवांची चाल मुद्रित झाली नाही, म्हणून ती हीन ठरत नाही. ती त्यांच्याबरोबर गेली, तर मात्र कायमची जाईल.

यावर उपाय आपल्या खिशात आहे. भ्रमणध्वनीवर ती चाल उतरवून घ्यावी. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. मात्र एवढ्यावर थांबू नये. पेटीत ठेवलेली चाल सुरक्षित असते, जिवंत नसते. पुढच्या एकादशीला टाळ हाती घेऊन ती चारचौघांत म्हणावी, आणि म्हणताना एखादे अक्षर आपल्या मनाप्रमाणे लांबवावे. अभंगाच्या छंदाने तेवढी जागा आपल्यासाठी राखून ठेविलेली आहे.